शाल आणि फास

आमच्या चित्र-रसास्वादाच्या वर्गात गेल्या महिन्यात पडद्यावर एक तैलचित्र आलं आणि एरवी शांतपणे चालणारा तास वादात गेला. चित्र १७९४ सालचं, एलिझाबेथ विजे-लब्रं या फ्रेंच चित्रकर्तीचं. त्यातली तरुणी पेलागिया सापिएहा, माहेरची पोतोत्स्का. पोलंडमधल्या एका बड्या उमराव घराण्याची लेक, दुसऱ्याची सून, वय जेमतेम एकोणीस. हातात शाल घेऊन ती नाचते आहे. मूळ चित्र वॉर्साच्या राजवाड्यात आहे. वर्गातले एक ज्येष्ठ सदस्य शालीच्या घड्यांबद्दल आणि देहाच्या लयीबद्दल दहा मिनिटं अगदी मनापासून बोलले. ते थांबले तसं मागच्या रांगेतल्या एका विद्यार्थिनीने विचारलं, "पण सर, ही शाल कुणाच्या पैशातून आली?"

झालं, दोन तट पडले. एकाचं म्हणणं असं, की चित्राकडे चित्र म्हणून बघा. जिथे तिथे वर्ग आणि शोषण शोधत बसलात तर बघण्यासारखं काही उरणारच नाही. दुसऱ्याचं म्हणणं, वेठबिगारांच्या घामावर पोसलेल्या वर्गाने पैसे मोजून करवून घेतलेली ही खुशामत आहे. असली चित्रं भिंतीवरून उतरवून तळघरात ठेवावीत. पोलंडमध्येही गेली काही वर्षं हा वाद वेगवेगळ्या रूपांत चालू आहे. वेठीला जुंपलेल्या शेतकऱ्याच्या बाजूने देशाचा इतिहास पुन्हा लिहायला घेणारे अभ्यासक तिथे पुढे आले आहेत, आणि वाड्या-राजवाड्यांतल्या संग्रहालयांना त्यांचे प्रश्न टाळता येत नाहीत. वाद व्हायलाच हवा. पण आमच्या वर्गात तो ज्या रीतीने झाला त्याने मी अस्वस्थ झाले, कारण त्या तासाभरात १७९४ साली पोलंडमध्ये काय चाललं होतं हे एकानेही विचारलं नाही.

माझं मत आधीच सांगते. हे चित्र आहे तिथेच, चांगल्या उजेडात, डोळ्यांच्या उंचीवर राहिलं पाहिजे. आणि त्याच्या शेजारच्या पाटीवर, चित्रकर्तीच्या नावाच्या बरोबरीने, पेलागियाच्या वडिलांचं नाव, त्यांच्या तसबिरीला लागलेला फास आणि त्यांच्या जमिनीवरची वेठ या तिन्ही गोष्टी लिहिल्या पाहिजेत. त्याच पाटीवर, वेगळ्या पुस्तिकेत किंवा दालनाच्या कोपऱ्यातल्या फलकावर नको.

पेलागियाचे वडील स्तानिस्वाव श्चेंस्नी पोतोत्स्की. आज युक्रेनमध्ये असलेल्या तुल्चिन आणि उमानच्या परिसरात त्यांच्या अफाट जमिनी होत्या. ३ मे १७९१ रोजी पोलंडने नवी राज्यघटना स्वीकारली. उमरावांच्या बेलगाम अधिकारांना वेसण घालून राज्य सावरायचा तो प्रयत्न होता. पोतोत्स्कींना आणि त्यांच्यासारख्या काही बड्यांना तो सोसला नाही. १७९२ मध्ये त्यांनी तार्गोवित्सा इथे आघाडी जाहीर केली आणि रशियाच्या महाराणीचं सैन्य देशात बोलावलं. १७९३ मध्ये देशाची दुसरी फाळणी झाली, म्हणजे रशिया आणि प्रशिया या शेजाऱ्यांनी त्याचा आणखी एक मोठा भाग वाटून घेतला. आपल्याकडे सूर्याजी पिसाळ एवढं नाव घेतलं की पुढचं सांगावं लागत नाही. पोलिश भाषेत 'तार्गोवित्सा' या शब्दाचं आजही तसंच आहे. मार्च १७९४ मध्ये ताद्येऊश कोश्चुश्को या पोलिश सेनानीने क्राकूफच्या चौकात शपथ घेऊन रशियाविरुद्ध उठाव पुकारला. ४ एप्रिलला रात्स्वावित्सेच्या लढाईत कोयते सरळ करून भाल्यासारखे धरलेले शेतकरी रशियन तोफांवर चालून गेले. मे महिन्यात वॉर्सात तार्गोवित्सा आघाडीच्या हाती सापडलेल्या काही पुढाऱ्यांना उठावकऱ्यांनी जाहीर फाशी दिली. पोतोत्स्की हाती लागण्यासारखे नव्हते. मग २९ सप्टेंबरला त्यांची आणि त्यांच्या साथीदारांची चित्रं वॉर्साच्या जुन्या शहरातल्या बाजारचौकात वधस्तंभाला लटकवण्यात आली.

माणसाऐवजी त्याची तसबीर फासावर. पुतळा जाळणं, तसबिरीला जोडे मारणं हे पाहत आलेल्या मराठी माणसाला त्यामागचा संताप समजावून सांगायला नको. जाँ-पिएर नोर्ब्लां या चित्रकाराने तो प्रसंग रंगवून ठेवला आहे: चौक, जमलेली माणसं आणि वर टांगलेली चित्रं. त्याच वर्षी व्हिएन्नात मुक्काम असलेली विजे-लब्रं त्या फासावरच्या माणसाच्या मुलीला शाल घेऊन नाचताना रंगवत होती. एकाच घरातली दोन व्यक्तिचित्रं, एकाच सालातली. एक लोकांनी फासाला लावलं, दुसरं राजवाड्यात आहे. हे कळल्यावर ते चित्र आधीसारखं दिसतं का? मला तरी दिसत नाही. आणि ते कमी सुंदर दिसतं असंही नाही.

आता विरोधातले मुद्दे, आणि ते हलके नाहीत. पाटी माणसाला बघू देत नाही, हा पहिला. संग्रहालयात पाच मिनिटं उभं राहून लोकांकडे बघा. बहुतेक जण आधी पाटी वाचतात, मग मान वर करून चित्रावर नजर टाकतात आणि पुढे सरकतात. पाटीवर देशद्रोह, फास, वेठ असे शब्द आले तर चित्र पाटीचा पुरावा होऊन बसेल. त्यातला रंग, ती हालचाल, कापडाचं वजन कुणाला दिसणार नाही. ही भीती खरी आहे. मीही पाटीच्या नादात चित्रं गमावली आहेत.

पण आज संग्रहालयांत दिसणाऱ्या साध्या पाट्या तरी राजकारणापासून अलिप्त असतात का? 'राजकुमारी', 'काउंटेस', 'अमुक घराण्यातली' हे शब्द म्हणजे सत्तेचीच बिरुदं आहेत. घराण्याचं मोठेपण सांगितलं की ती माहिती, आणि त्याच घराण्याने काय केलं ते सांगितलं की राजकारण, ही वाटणी कुणी केली? शिवाय बघणंही माहितीनेच तयार होतं. ही शालच घ्या. विजे-लब्रंने आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे, की त्या काळच्या बायकांच्या कपड्यांचा तिला तिटकारा होता. म्हणून ती समोर बसलेल्या बाईच्या अंगाखांद्यावरून रुंद शाली सैलसर गुंडाळून घ्यायची, राफाएलच्या चित्रांतल्यासारखी वस्त्रं व्हावीत म्हणून. केसांना पावडर लावू नका म्हणून ती त्यांची मनधरणी करायची. नेपल्समध्ये ब्रिटिश राजदूताची पत्नी एमा हॅमिल्टन शाली घेऊन प्राचीन मूर्तींच्या मुद्रा करून दाखवत असे आणि युरोपभरच्या दिवाणखान्यांना त्याचं वेड लागलं होतं. विजे-लब्रंने त्या एमालाही रंगवलं होतं. हे वाचल्यावर शाल पुसट होते की आणखी नजरेत भरते? अलंकार म्हणून बघून सोडलेलं कापड एका कष्टकरी बाईचा निर्णय म्हणून दिसायला लागतं. मग फासाची माहितीच चित्र मारून टाकेल, असं का मानायचं?

कष्टकरी हा शब्द मी विचारपूर्वक वापरला आहे. 'खुशामत' म्हणून हे चित्र झटकून टाकणाऱ्यांना ते रंगवणारी बाई दिसतच नाही. फ्रान्सच्या राणीची ही आवडती चित्रकर्ती ऑक्टोबर १७८९ मध्ये, जमाव व्हर्सायच्या राजवाड्यावर चालून गेल्यावर, लहान मुलीला घेऊन पॅरिसमधून निसटली. नवऱ्याने तिची कमाई उधळलेली, मायदेशी तिचं नाव पळून गेलेल्यांच्या यादीत. रोम, नेपल्स, व्हिएन्ना आणि पुढे रशिया अशी बारा वर्षं ती ब्रशावर जगली. ती राजनिष्ठ होती, क्रांतीबद्दल तिच्या मनात कडवटपणा होता. ते लपवायचं कारण नाही. पण परक्या शहरात गिऱ्हाईक मिळवून पोट भरणाऱ्या बाईला 'उमरावांची भाट' म्हणून निकालात काढणं, हे कष्टकऱ्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांना शोभत नाही.

दुसरा मुद्दा मला सगळ्यात अवघड वाटतो. बापाचं पाप लेकीच्या गळ्यात का? एकोणीस वर्षांच्या पोरीने रशियन सैन्य बोलावलं नव्हतं. तिचा नवरा फ्रान्सिशेक सापिएहा तर कोश्चुश्कोच्या उठावात, म्हणजे सासऱ्याच्या विरुद्ध बाजूला होता. रक्तावरून माणसाचा न्याय करायचा नाही हे आपण फार मोठी किंमत देऊन शिकलो आहोत. मग संग्रहालयाने तो मागच्या दाराने परत आणायचा का?

नाही आणायचा. पेलागिया दोषी आहे असं पाटीने सुचवताही कामा नये, आणि नवऱ्याची बाजूही त्याच पाटीवर आली पाहिजे. पण दोष देणं वेगळं आणि नातं सांगणं वेगळं. तिचं चित्र निघालं ते ती कुणाची लेक आणि कुणाची सून होती म्हणूनच. ते नातं चित्रात आधीच आहे. मी फक्त ते पूर्ण सांगा म्हणते आहे. घराण्याच्या वैभवाचा वारसा लेकीला लागू आणि घराण्याच्या करणीचा मात्र नाही, असा हिशोब आपण कुठल्याच सावकाराला करू देणार नाही.

या बायका बापा-नवऱ्यांच्या सावल्या होत्या असंही समजू नये. विजे-लब्रंनेच १७९१ मध्ये रोममध्ये आणखी एका पोतोत्स्काचं, काउंटेस आना पोतोत्स्काचं, चित्र काढलं. आज ते अमेरिकेत, फोर्ट वर्थच्या किंबेल संग्रहालयात आहे. शेवाळलेल्या खडकाला टेकलेली बाई, शेजारी कोसळणारा धबधबा. ती पहिल्यांदा आली तेव्हा सोबत नवरा होता. तो गेल्यावर तिने अगदी शांतपणे सांगितलं, की हा तिसरा. पण पहिल्याकडेच परत जावं म्हणते, तो दारुडा असला तरी मला जास्त मानवतो. चित्रकर्तीने हे आठवणींत नोंदवलं आहे. अठराव्या शतकात इतक्या सहजपणे हे बोलू शकणारी बाई किती स्वतंत्र असेल! आणि त्याच काळी त्याच पोतोत्स्कींच्या जमिनीवर राबणारी बाई मालकाच्या परवानगीशिवाय गाव सोडू शकत नव्हती. एकीचं स्वातंत्र्य आणि दुसरीचं बांधलेपण एकाच जमाखर्चाच्या वहीत होतं. पहिलीचं कौतुक मला करावंसं वाटतं, मी करतेच. दुसरीचं नावही न घेता केलं तर ते अर्धवट राहतं.

इथे दुसरा तट पुढे येतो आणि म्हणतो, मग उतरवा ना चित्र. त्यांची बाजूही वजनदार आहे. पेलागियाला चेहरा आहे, वेठबिगाराला नाही. कोश्चुश्कोने ७ मे १७९४ च्या पोवानिएत्सच्या जाहीरनाम्यात शेतकऱ्याला व्यक्ती म्हणून स्वतंत्र ठरवलं आणि जिथे आठवड्याला पाच-सहा दिवस वेठ होती तिथे दोन दिवस कमी केले. म्हणजे सहा दिवस वेठ ही कल्पना नव्हती; कमी करण्याइतकी ती सर्रास होती. गौरवल्या जाणाऱ्या ३ मेच्या घटनेनेही शेतकऱ्याला कायद्याच्या संरक्षणाखाली घेण्यापलीकडे काही दिलं नव्हतं. ऑस्ट्रियाच्या ताब्यातल्या भागात वेठ संपायला १८४८ उजाडलं, रशियाच्या ताब्यातल्या मध्य पोलंडमध्ये १८६४. या माणसांची तैलचित्रं कुठे आहेत? भिंती मर्यादित असतात. प्रत्येक भिंत पोतोत्स्कींना दिली की तेवढी जागा दुसऱ्यांची जाते.

तरीही उतरवण्याने काय हाती लागतं? वेठबिगाराला चेहरा मिळत नाही, फक्त मालकाचा चेहरा लपतो. मालकांसाठी याहून सोयीचं काय असेल? उमानचंच बघा. १७६८ मध्ये तिथे मोठं बंड झालं. कॉसॅक आणि शेतकऱ्यांनी पोलिश उमरावांची आणि ज्यूंची भीषण कत्तल केली. शहर तेव्हा श्चेंस्नी पोतोत्स्कींच्या वडिलांच्या मालकीचं होतं. त्याच उमानमध्ये १७९६ पासून श्चेंस्नीने पुढे आपली पत्नी झालेल्या सोफियाच्या नावाने एक विस्तीर्ण बाग उभी केली. कारंजी, गुहा, ग्रीक पुराणातली नावं, सगळं वेठबिगारांच्या हातांनी. बाग आजही आहे, युक्रेनी माणसं तिथे सुटीला जातात, लग्नाचे फोटो काढतात. ती उखडून टाका असं कुणी म्हणत नाही, कारण तिचे दगड ज्यांनी वाहिले त्यांची तीच एक खूण उरली आहे. मग ज्या संपत्तीतून ती बाग झाली त्याच संपत्तीतून आलेलं चित्र तळघरात का जावं?

आणि हे चित्र ज्या राजवाड्यात आहे त्याचंच काय झालं ते आठवा. नाझींनी १९३९ मध्ये हल्ला करून तो पेटवला आणि १९४४ मध्ये उरल्यासुरल्या भिंती सुरुंग लावून उडवल्या. पोलिश माणसाच्या स्मृतीला आधार म्हणून काही राहू नये, हाच हेतू होता. १९७१ पासून लोकवर्गणीच्या बळावर तो पुन्हा उभारला गेला. त्या वर्गणीत वेठबिगारांच्या नातवंडा-पतवंडांचे पैसे नसतील का? ज्यांच्या खापरपणजोबांना त्या राजवाड्याच्या दारातही उभं केलं नसतं, त्यांनी तो आपला म्हणून बांधला. त्या भिंतीवर आता काय लावायचं आणि खाली काय लिहायचं, हे ठरवायचा हक्क त्यांचा आहे. तो त्यांनी लिहिण्यासाठी वापरावा असं मला वाटतं.

कपड्याबद्दलची एक गोष्ट दोन्ही तटांच्या नजरेतून सुटली. प्राचीन मूर्तींची ही ओढ, सैल वस्त्र, मोकळी हालचाल, हे सगळं त्या काळी केवळ फॅशन नव्हतं. फ्रेंच चित्रकार दाव्हिदने १७८४ मध्ये प्राचीन रोममधल्या होराती भावांची शपथ रंगवली तेव्हापासून रोमन वस्त्र म्हणजे प्रजासत्ताकाचा सद्गुण, असा अर्थ त्याला चिकटला होता. पोलिश उमराव तर त्याआधी दोन शतकं स्वतःला रोमन प्रजासत्ताकाचे वारस समजत आले होते. तार्गोवित्साची आघाडीसुद्धा 'स्वातंत्र्या'च्या नावाने उभी राहिली: राजाच्या जुलमापासून उमरावांचं जुनं स्वातंत्र्य वाचवण्यासाठी. तुल्चिनच्या पोतोत्स्की वाड्याच्या दर्शनी भागावर 'हे सदैव स्वतंत्र आणि सदाचारी माणसांचं घर असो' अशा अर्थाची ओळ होती. वेठबिगारांनी बांधलेल्या वाड्यावर! पेलागियाने ती शाल काही घोषणा म्हणून घेतली नव्हती; ती हौसेने नाचत असेल, आणि तिची हौस मला लाख मोलाची वाटते. पण ज्या 'स्वातंत्र्या'साठी तिच्या बापाने देश गमावला, त्याचाच हा पेहराव आहे. आणि त्याच उठावात कोश्चुश्कोने शेतकऱ्याचा जाडाभरडा अंगरखा चढवला होता. वस्त्रं किती बोलत होती त्या वर्षी. हे चित्रातलंच आहे, बाहेरून आणलेलं राजकारण नव्हे. शैलीकडे बघा असा आग्रह धरणाऱ्यांनी शैलीकडे शेवटपर्यंत बघितलं असतं तर ते आपोआप इथेच पोचले असते.

वर्गात कुणीतरी 'एक देखणी पोलिश स्त्री' असे शब्द वापरले, आणि माझ्या मनात दुसऱ्याच बायका आल्या. आम्हा कोल्हापूरकडच्या माणसांना पोलिश बाई म्हटलं की वळिवडे आठवतं. १९४३ ते १९४८ या काळात तिथल्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. १९४० पासून सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधून उचलून सायबेरिया-कझाकस्तानात नेऊन टाकलेली, तिथून इराणमार्गे आलेली. त्यांत शेतकऱ्यांच्या बायका होत्या, सैनिकांच्या, शिक्षकांच्या. कोल्हापुरात त्यांचं स्मारक आहे आणि वॉर्सात कोल्हापूरच्या आठवणीचं. पेलागियाच्या काळी 'पोलिश राष्ट्र' म्हणजे मुख्यतः उमराव. तिच्या माहेरच्या जमिनीवर राबणाऱ्या युक्रेनी बोलणाऱ्या बाईला त्यात जागा नव्हती आणि पोलिश बोलणाऱ्या शेतकरणीलाही फारशी नव्हती. वळिवड्याला दीडशे वर्षांनी ज्या उतरल्या त्या सगळ्या पोलिश होत्या. या शब्दाचं दार इतकं रुंद व्हायला दीडशे वर्षांचे उठाव, वेठमुक्ती आणि हद्दपाऱ्या लागल्या. त्या दारातून आत आलेल्या बाईची पणती जेव्हा राजवाड्यात पेलागियासमोर उभी राहते, तेव्हा 'एक देखणी पोलिश स्त्री' एवढंच तिला सांगायचं?

त्या विद्यार्थिनीने तास संपल्यावर मला विचारलं, की तुम्ही असता तर पाटीवर काय लिहिलं असतं. तेव्हा सुचलं नाही. घरी येऊन लिहिलं, चार वेळा खोडलं. आता ते असं आहे:

'पेलागिया सापिएहा, माहेरची पोतोत्स्का, शाल घेऊन नाचताना. एलिझाबेथ विजे-लब्रं, तैलरंग, १७९४. चित्रकर्ती फ्रान्समधून परागंदा होऊन व्हिएन्नात राहत होती. बायकांना अशा शाली गुंडाळून बसवणं ही तिची आवडती रीत. पेलागियाचे वडील तार्गोवित्साच्या आघाडीचे पुढारी. हे चित्र झालं त्याच वर्षी वॉर्साच्या बाजारचौकात लोकांनी त्यांची तसबीर फासावर लटकवली. पेलागियाचा नवरा उठावाच्या बाजूने होता. दोन्ही घराण्यांचं वैभव वेठीला जुंपलेल्या शेतकऱ्यांच्या श्रमातून आलं. त्यांच्यापैकी कुणाचंही चित्र या दालनात नाही.'

मराठीत साठ-सत्तर शब्द होतात. वाचायला अर्धं मिनिट लागतं, आणि मग मान वर केली की समोर ती शाल असते.